बदलीचं लोणचं कुठल्या वर्गात

नरहर देवपुजारी यांना एखादी वस्तू तिच्या जागेवर नसली की चैन पडत नसे. मेथीच्या डब्यात ओवा निघाला तर ते बायकोला काही बोलत नसत, पण ओवा काढून, डबा पुसून, वर चिठ्ठी चिकटवूनच स्वयंपाकघरातून बाहेर येत. मनोरमाबाई म्हणायच्या, "यांनी रिटायर व्हायला नको होतं. तिकडे सगळं ऑफिस मिळून जो त्रास वाटून घ्यायचं, तो आता माझ्या एकटीच्या वाट्याला आलाय."

तिकडे म्हणजे एका सरकारी संचालनालयाच्या रेकॉर्ड रूममध्ये. राज्यांची फेररचना झाली, मध्य प्रदेशाची राजधानी नागपूरहून भोपाळला आली, आणि कचेऱ्यांबरोबर जी मराठी बिऱ्हाडं इकडे हलली त्यांत देवपुजाऱ्यांचं एक होतं. नरहर तेव्हा दोन वर्षांचे होते; वाढले ते जवाहर चौकाजवळच्या सरकारी क्वार्टरमध्ये. पुढे वडिलांच्याच खात्यात लागले आणि सगळी नोकरी लाल कापडात बांधलेल्या फायलींच्या बस्त्यांमध्ये काढली. फाइल फाटली तर चिकटवता येते, भिजली तर वाळवता येते, पण चुकीच्या बस्त्यात गेली तर ती मेली, असं ते नव्या बाबूंना पहिल्याच दिवशी सांगत.

निवृत्त झाल्यावर शाहपुऱ्यात फ्लॅट घेतला. सकाळी तलावाभोवती फेरी मारायची, पेपर वाचायचा, आणि मग दिवस संपता संपत नसे. पुण्याहून मुलगी जुई आली होती, तिने आपला जुना लॅपटॉप त्यांच्यापुढे ठेवला आणि एक कोश उघडून दाखवला. इंटरनेटवरचा मराठी ज्ञानकोश. कुणीही त्यात लिहावं, कुणीही दुसऱ्याचं लिहिलेलं सुधारावं. पगार नाही, मानपान नाही.

"बाबा, तुम्हाला माहिती आहे त्यावर लिहा काहीतरी," जुई म्हणाली.

नरहर यांनी लिहिलं काहीच नाही. त्यांची नजर गेली ती पानांच्या तळाशी. तिथे ते पान कोणत्या वर्गात मोडतं हे दिलेलं असे. नर्मदेचं पान 'नद्या' या वर्गात, नद्यांचा वर्ग 'भूगोल' या मोठ्या वर्गात, अशी ती रचना. पण हजारो पानांच्या तळाशी काहीच नव्हतं. एका संताचं पान 'इमारती'त पडलं होतं, कारण कुणीतरी त्यांच्या समाधीचं बांधकाम वर्णन केलं होतं. 'मासे' आणि 'मत्स्य' असे दोन वर्ग शेजारी शेजारी नांदत होते आणि एकाला दुसऱ्याचा पत्ता नव्हता. पुराचं पाणी शिरून गेलेल्या रेकॉर्ड रूममध्ये उभं राहावं तसं त्यांना झालं. दुसऱ्या दिवशी चहा घेऊन ते लॅपटॉपपुढे बसले आणि पुढची कित्येक वर्षं तिथून फारसे उठले नाहीत.

दोनेक वर्षांत कोशावर त्यांचा शब्द चालू लागला. वर्गांचा वाद निघाला की कुणीतरी लिहायचं, देवपुजारींना विचारा. मग कोशाच्या मंडळींनी त्यांना प्रचालक केलं. म्हणजे नको असलेली पानं हटवण्याचा आणि हटवलेली परत आणण्याचा अधिकार त्यांच्या हाती आला. मनोरमाबाईंनी त्या दिवशी शिरा केला. प्रमोशन मिळालंय की काम वाढलंय, हे मात्र त्यांनी विचारून घेतलं.

वैजयंती सोनटक्के कोशावर आल्या त्या त्याच सुमारास. पानं लिहायच्या आणि तळाशी वर्ग न देता सोडून द्यायच्या. नरहर यांनी त्यांच्या चर्चापानावर, म्हणजे लिहिणाऱ्यांनी एकमेकांशी बोलायच्या पानावर, जरा कडक सूचना लिहिली. उत्तर आलं: 'मला समजमध्येच नाही आलं की हे कुठे लावायचं. तुम्हीच लावून द्या ना. मी भोपाळला असते, इंद्रपुरीत. तुम्ही कुठले?'

असं एकाच गावात राहून दोघं इंटरनेटवर भेटले. मग मराठी समाजाच्या एका कार्यक्रमात प्रत्यक्ष भेट झाली, आणि पुढे मनोरमाबाईंसह इंद्रपुरीला जाणं-येणं सुरू झालं. वैजयंतीबाई मूळच्या बैतूलच्या. प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. नवरा सुधाकर इंद्रपुरीजवळच्या मोठ्या कारखान्यात टर्नर होता. बाई बोलायच्या ते मराठीच, पण त्यात हिंदी अशी मिसळलेली असे की नरहर यांना प्रत्येक वाक्यात खडा लागायचा. झाडू लावला, पोछा लावला, कपडे सुखायला टाकले, मी आत्ता येऊन राहिली. नरहर यांना त्या 'देवपुजारीजी' म्हणायच्या. तो 'जी' त्यांना कधी पचला नाही, पण बाईंच्या कामाबद्दल त्यांना मनापासून आदर होता. सातपुड्यातल्या झाडांवर, गोंड राजांच्या किल्ल्यांवर, नर्मदेच्या घाटांवर त्या लिहायच्या, आणि नरहर प्रत्येक पान उचलून त्याच्या जागी नेऊन ठेवायचे.

"मी पसारा करते, तुम्ही आवरता," बाई हसून म्हणायच्या. "आमच्याकडे हे काम कुणी करत नाही."

"कुणी करत नाही म्हणजे मी काय करतो," सुधाकर पेपराआडून म्हणायचा.

ती वर्षं चांगली गेली. नरहर यांना नंतर मागे वळून पाहताना वाटे की निवृत्तीनंतर आपल्याला जे काही सुख मिळालं ते त्या इंद्रपुरीच्या बैठकीत. पोह्यांच्या बशा, कोपऱ्यातला कूलर, आणि एका स्क्रीनवर वाकलेली दोन पांढरी डोकी.

मग बाईंनी भोपाळच्या मराठी घरांवर लिहायला घेतलं.

सुरुवात 'भोंग्याचा चहा' या पानाने झाली. कारखान्याचा दुपारचा भोंगा झाला की कामगार वसाहतीतल्या मराठी घरांत एक जादा चहा व्हायचा. पाळी संपवून येणाऱ्याचा आणि पाळीवर निघालेल्याचा, दोघांचा मिळून. त्या वेळी दारात जो येईल त्याला तो मिळायचा, म्हणून फुकटात काही पदरात पडलं की त्यालाही लोक भोंग्याचा चहा म्हणू लागले. पुढे तशी पानं येत राहिली. शब्द, पदार्थ, लग्नातल्या अर्ध्या नागपुरी अर्ध्या माळवी रीती. बाई दुपारी घरोघर जायच्या, म्हाताऱ्या बायकांशी बोलायच्या आणि संध्याकाळी लिहायच्या. संदर्भाच्या जागी त्या बाईचं नाव द्यायच्या.

'बदलीचं लोणचं' या पानावर पहिल्यांदा ठिणगी पडली.

"लोणचं आहे ना?" नरहर म्हणाले. "मग 'लोणची' या वर्गात जाईल. त्यात विचार करण्यासारखं काय आहे?"

"पण ते लोणच्यासाठी नाहीच, देवपुजारीजी. ते बदलीसाठी आहे. नवऱ्याची ऑर्डर आली की बायका हे घालायच्या. बिनतेलाचं, सुकं. ट्रकमध्ये गळायला नको म्हणून. आणि बदली कॅन्सल झाली तर ते घरात खायचं नाही, गल्लीत वाटून टाकायचं. मंजूषाबाईंनी सांगितलं मला, घाट्यांच्या. त्यांच्या घरी तीनदा घातलं आणि दोनदा वाटलं."

"बदली असा वर्ग नाही आपल्याकडे."

"तर बनवा की. नाहीतर दोन्हीकडे ठेवा. एक पान दोन वर्गांत ठेवता येतं ना? तुम्हीच शिकवलंत मला."

येत होतं. कोशाची सगळी खुबी तीच होती. तिथे एक पान दोन काय, दहा वर्गांत राहू शकत होतं. पण नरहर यांच्या डोळ्यांपुढे अजूनही बस्ते होते, आणि एक फाइल दोन बस्त्यांत राहत नसते.

"आणि संदर्भ?" ते म्हणाले. "मंजूषाबाई घाटे हा संदर्भ होत नाही. छापील पुस्तक हवं, निदान वर्तमानपत्र."

"मंजूषाबाईंवर कोण पुस्तक छापणार?" बाईंनी शांतपणे विचारलं. नरहर यांनी पोहे छान झाल्याचं सांगितलं.

पुढे महिन्याभरात पुण्याच्या श्रीकांत नावाच्या एका तरुण संपादकाने तो विषय कोशावर काढला. ही भोपाळची पानं म्हणजे घरगुती गप्पा आहेत, एकाही पानाला मान्य होईल असा संदर्भ नाही, भाषाही धड मराठी नाही, असं त्याने लिहिलं. चार जणांनी मान डोलावली. शेवटी एकाने विचारलं, देवपुजारींचं मत काय?

नरहर यांना त्या वेळी तीन गोष्टी करता आल्या असत्या. ते गप्प बसू शकले असते. थोडी मुदत मागू शकले असते. किंवा फोन उचलून बाईंना सांगू शकले असते की असं चाललंय, आपण काय करू या. त्यांनी यातलं काहीच केलं नाही. पुण्याच्या माणसांसमोर आपण भोपाळचे म्हणून भोपाळच्या पानांची बाजू घेतली असं दिसेल, ही एक भीती त्यांच्या मनात होती. दुसरं कारण त्यांनी स्वतःशी कबूल करायला बरीच वर्षं लागली: श्रीकांतने लिहिलेलं 'धड मराठी नाही' हे वाक्य वाचून त्यांना आतून बरं वाटलं होतं. आपण इतके दिवस सभ्यपणापायी जे बोललो नाही, ते कुणीतरी बोललं असं.

त्यांनी 'नियमानुसार' एवढा एक शब्द लिहिला आणि चाळीसेक पानं हटवली. सकाळच्या चहाआधी काम संपलं.

"कुठे फोन लावताय?" मनोरमाबाईंनी दुपारी विचारलं, कारण ते फोन हातात घेऊन बराच वेळ बसले होते.

"कुठे नाही."

"वैजयंतीबाईंचं काही आहे का?"

त्यांनी सांगितलं. मनोरमाबाई तांदूळ निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "आधी विचारायचं होतं त्यांना."

"विचारलं असतं तर हटवता आली नसती."

"तेच म्हणते मी."

संध्याकाळी बाईंचा संदेश आला. 'ठीक आहे.' त्यानंतर कोशावर त्यांनी एक अक्षर लिहिलं नाही.

नरहर यांना वाटलं, राग आहे, ओसरेल. आठ-पंधरा दिवसांनी नर्मदेच्या एखाद्या घाटावर पान येईल, तळाशी वर्ग नसेल, आपण लावून देऊ. रोज सकाळी ते ताज्या बदलांच्या यादीत त्यांचं नाव शोधत. मग आठवड्यातून एकदा शोधू लागले. फोन करायचा तर सुरुवात काय करायची ते सुचत नव्हतं, आणि जितका उशीर झाला तितकं ते अवघड होत गेलं. पुढे साथीची वर्षं आली. सुधाकर त्यात गेल्याचं त्यांना मराठी समाजाच्या ग्रुपवर कळलं. तेव्हा कुणी कुणाकडे जात नव्हतं, तेव्हा जाता आलं नाही याचा दोष त्यांचा नव्हता. पण सगळं मोकळं झाल्यावरही ते गेले नाहीत. मनोरमाबाई एकट्या जाऊन आल्या. परत आल्यावर म्हणाल्या, "तुमचं विचारत होत्या. तब्येत कशी आहे म्हणून." त्यावर नरहर यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

अशी सहा-सात वर्षं गेली.

मग गेल्या वर्षी कोशावर नरहर यांच्या नावे एक निरोप आला. शमिका नावाची नागपूरची मुलगी, महाराष्ट्राबाहेरच्या मराठीवर संशोधन करत होती. तिने लिहिलं होतं की एका जुन्या पानावर 'भोंग्याचा चहा' असा दुवा आहे, तो उघडला तर पान हटवल्याचं दिसतं आणि हटवणाऱ्याचं नाव तुमचं आहे. भोपाळच्या मराठीवर मला कुठेच काही मिळत नाहीये. त्या पानात काय होतं ते कळेल का?

हटवलेलं पान प्रचालकाला दिसतं. नरहर यांनी ते उघडलं, आणि एकामागून एक सगळी उघडली. तेव्हा ती पानं त्यांनी नियमासाठी चाळली होती, वाचली आत्ताच. ती चांगली होती. साधी, नेमकी, कुठे पाल्हाळ नाही. कोणती बाई, कोणत्या गावाहून भोपाळला आलेली, ती काय म्हणते, शेजारीण काय म्हणते. 'बदलीचं लोणचं' या पानाच्या शेवटी बाईंनी लिहून ठेवलं होतं: 'अशी आणखी पुष्कळ नावे आहेत. हळूहळू लिहीत आहे.'

त्यांनी सगळी पानं परत आणली. पाच मिनिटांचं काम. शमिकाचं आभाराचं उत्तर आलं आणि त्यात शेवटी तिने विचारलं होतं: 'पुढची पानं कुठे आहेत?'

दुसऱ्या दिवशी नरहर इंद्रपुरीला गेले. मनोरमाबाई येते म्हणाल्या, पण त्यांनी एकट्यानेच जायचं ठरवलं.

वैजयंतीबाईंनी दार उघडलं. त्या वाळल्या होत्या, कानाला यंत्र आलं होतं. पण चेहऱ्यावर राग वगैरे काही नव्हतं.

"अरे, देवपुजारीजी. या. बसा ना. मनोरमाताई नाही आल्या?"

खोलीत सुधाकरचा फोटो होता. नरहर फोटोपुढे जरा वेळ उभे राहिले. मग खुर्चीत बसून त्यांनी येताना रिक्षात ठरवलेलं सगळं सांगायला सुरुवात केली. पानं परत आणली आहेत. आपलं चुकलं. एक मुलगी विचारते आहे. तुम्ही पुन्हा लिहायला घ्यावं, वर्ग कोणते हवेत ते तुम्ही सांगा, मी एका शब्दाने आड येणार नाही.

बाईंनी ऐकून घेतलं. "चांगलं केलंत," त्या म्हणाल्या. "पण आता काय लिहू?"

"तेच. राहिलेलं."

"कुणाला विचारू ते सांगा. कारखान्याचे सगळे शब्द यांच्याकडून यायचे. हे गेले. कुलकर्णीबाई गेल्या, बोबड्यांच्या आजी गेल्या. अपर्णा म्हणून होती ना कोपऱ्यावरची, तिला मुलगा घेऊन गेला इंदूरला, ती आता कुणाला ओळखत नाही. मी तेव्हा ऐकून यायची आणि लगेच लिहायची. लिहून झालं की डोक्यातून गेलं. जे लिहिलं नाही ते मला पण नाही आठवत."

"तुम्ही तेव्हा थांबायला नको होतं," नरहर म्हणाले आणि आपण काय बोललो ते त्यांच्या लगेच लक्षात आलं.

बाईंनी कानाचं यंत्र सारखं केलं. मग म्हणाल्या, "मला तुमचा राग नव्हता आला. नियम आहे, तुम्ही नियमाचे माणूस. मला दुसरीच गोष्ट लागली. मंजूषाबाई आठवतात? लोणच्यावाल्या. मी त्यांना त्यांचं पान वाचून दाखवलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं नाव कुठे छापून आलं होतं. साऱ्या गल्लीला सांगितलं त्यांनी. त्यांच्या नातवाचं लग्न ठरलं, निखिलचं. तुम्ही पानं हटवलीत त्याच दिवशी दुपारी मुलीकडचे लोक पाहायला आले, पुण्याचे. मंजूषाबाई नातवाला म्हणाल्या, यांना माझं पान दाखव. त्याने सगळ्यांसमोर मोबाइल उघडला आणि तिथे लिहिलेलं, हे पान अस्तित्वात नाही."

नरहर यांनी खाली पाहिलं.

"मला माहीतच नव्हतं की पान गेलंय आणि त्या दाखवणार आहेत. माहीत असतं तर आधी जाऊन सांगितलं असतं. तुम्ही सकाळीच फोन केला असता तर मी लगेच जाऊन सांगितलं असतं त्यांना. त्या मला काही बोलल्या नाहीत. पण त्यानंतर मी कुठल्या तोंडाने कुणाच्या घरी जाऊ? बायका मला विश्वासाने सांगायच्या. मी जाणंच बंद केलं."

"मंजूषाबाई आहेत का?" त्यांनी विचारलं.

"नाही. चार वर्षं झाली."

बाई उठून आत गेल्या आणि चहा ठेवल्याचा आवाज आला. नरहर यांना वाटलं, त्यांनी चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. माफी मागायची ती त्यांनी मागितली होती, बाईंनी ती दिलीही होती, आणि त्याने काहीच सुटलं नव्हतं. चहा घेताना त्या मनोरमाबाईंच्या गुडघ्यांबद्दल बोलल्या. निघताना नरहर यांनी पुन्हा एकदा विचारलं. बाई म्हणाल्या, "आता तुम्हीच लिहा. तुमचं पण तर घर इथलंच."

ते वाक्य नरहर यांना घरापर्यंत पुरलं. खरंच होतं. ते लहानाचे मोठे इथे झाले, आईचा बहुतेक संसार इथे झाला. इतकी वर्षं दुसऱ्यांची पानं उचलून ठेवणाऱ्या त्या माणसाने पहिल्यांदा कोशावर एक नवं, कोरं पान उघडलं आणि ते आपल्या आईच्या तोंडचे शब्द आठवायला बसले.

ते त्यांना आठवेनात.

आई बोलायची कशी? नागपूरची होती, 'करून राहिली' म्हणायची, एवढं नक्की. क्वार्टरमधल्या माळव्याकडच्या शेजारणींबरोबर राहून तिच्या बोलण्यात पुष्कळ काही आलं होतं. वडिलांना ते खपत नसे. घरात शुद्ध मराठीच, असा त्यांचा दंडक होता, आणि शाळेत जायला लागल्यापासून नरहरही आईची वाक्यं दुरुस्त करायचे. 'आई, केर काढ म्हणावं.' 'आई, परोसते म्हणत नाहीत, वाढते म्हणतात.' ती हसायची आणि दुरुस्त करून पुन्हा म्हणायची. मग हळूहळू ती त्यांच्यासमोर बेतानेच बोलू लागली. नरहर यांना आता जे आठवत होतं ते सगळं दुरुस्त केल्यानंतरचं. त्याच्या आधीचं काय होतं, ते त्यांच्याचमुळे त्यांच्याकडे उरलं नव्हतं.

"तुला काही आठवतं का ग?" त्यांनी मनोरमाबाईंना विचारलं. "आई कशी बोलायची?"

"सासूबाई ना? माझ्याशी बोलायच्या की भरपूर. तुम्ही ऑफिसला गेलात की." त्या थोडा विचार करून म्हणाल्या, "दूध उतू जायला आलं की म्हणायच्या, 'आलं गं आलं, बारातीसारखं आलं.' आणि भाजीत मीठ कमी पडलं की म्हणायच्या, 'भाजी सोयऱ्यासारखी झाली.' म्हणजे तोंडदेखली."

नरहर यांनी दोन्ही लिहून घेतलं. आणखी दोन-चार निघाले. तेवढंच.

मग त्यांनी घरोघर जायला सुरुवात केली. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला ते सोपं नव्हतं. जवाहर चौकाकडची जुनी क्वार्टरं पाडून झाली होती, तिथली माणसं कोलार रोडला, अयोध्या बायपासला पांगली होती. ज्यांचे पत्ते मिळायचे त्यांतली निम्मी नसायची. जी असायची त्यांचे सुना-मुलगे सांगायचे, तुम्ही पाच वर्षं आधी यायला हवं होतं, आजींना सगळं माहीत होतं. हे वाक्य त्यांनी इतक्या दारांत ऐकलं की पुढे पुढे ते मान हलवून फक्त हो म्हणू लागले.

मागच्या महिन्यात ते अनुराधाबाई बक्षींकडे गेले. नव्वदीच्या, पण खणखणीत. नरहर जिना चढत असतानाच वरून त्यांचा आवाज येत होता. काम करणाऱ्या बाईवर त्या ओरडत होत्या, आणि ते बोलणं असं होतं की नरहर पायरीवरच थांबले. नागपुरी, माळवी, भोपाळी हिंदी, सगळं एकमेकांत शिरलेलं, आणि अडखळणं म्हणून कुठे नाही. त्यांनी वैजयंतीबाईंच्या पानांत वाचलेले दोन शब्द त्यात जिवंत ऐकले. तिसरा एक तर कधीच न ऐकलेला होता.

सुनेने दार उघडलं. "आई, ते आलेत. कोशवाले."

अनुराधाबाईंनी पदर सारखा केला. नरहर समोर बसले, कशासाठी आलो ते सांगितलं. त्या लक्ष देऊन ऐकत होत्या. मग त्यांनी घसा साफ केला आणि एकेक शब्द जपून टाकत, शाळेतल्या धड्यासारखं बोलायला लागल्या.

"आम्ही सन एकोणीसशे सत्तावन्न साली नागपूरहून येथे स्थलांतरित झालो. माझे यजमान शासकीय सेवेत होते."

"तसं नको, काकू," नरहर म्हणाले. "तुम्ही नेहमी बोलता तसं बोला. आत्ता त्या बाईंशी बोलत होता ना, तसं."

अनुराधाबाईंचा चेहरा पडला. त्यांनी सुनेकडे पाहिलं. "ते तुम्ही ऐकलंत होय?" त्या हळू आवाजात म्हणाल्या. "ते काही लिहू नका हो. ते आपलं घरातलं. तुमच्यासमोर तसं कसं बोलायचं?"

नरहर यांनी फार विनवण्या केल्या. आपल्याला तेच हवंय म्हणाले, त्यासाठीच आलोय म्हणाले. त्या मान हलवत राहिल्या, आणि त्यांच्या प्रत्येक प्रश्नाला नीट, शुद्ध, छापील मराठीत उत्तर देत राहिल्या. तासाभराने नरहर नमस्कार करून उठले. सुनेने दार लावून घेतलं. आत अनुराधाबाईंचा आवाज पुन्हा चढला, पण बंद दारातून त्यातलं काहीच कळत नव्हतं. ते थोडा वेळ जिन्यात उभे राहिले. मग कठडा धरून खाली उतरले आणि इंद्रपुरीची रिक्षा केली. वैजयंतीबाई बरोबर आल्या तर या बाई कदाचित बोलतील, असं त्यांना वाटलं. त्या येतील की नाही याची खात्री नव्हती, पण निदान या वेळी ते आधी विचारणार होते.